सफरचंदवाला जॉनी



सप्टेंबर उजाडला की आपल्या मंडळात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली गणपती, आणि गणपती पोचवून झाले की दुसरी अ‍ॅपल पिकिंग! चार-पाच कुटुंबं, दोन व्हॅन, बरोबर ठेपले आणि इडल्या, आणि परत येताना गरजेपेक्षा तिप्पट सफरचंदं. गेल्या वर्षी आम्ही अर्ध्या बुशेलच्या दोन पिशव्या भरून आणल्या. म्हणजे जवळजवळ चाळीस पौंड. झाडावरून तोडताना ती भरपूर वाटत नाहीत, घरी आल्यावर वाटतात.

त्याच आठवड्यात आमचे चिरंजीव शाळेतून डोक्यावर कागदाचं पातेलं घालून आले होते. दुसरीच्या वर्गात जॉनी अ‍ॅपलसीडची गोष्ट झाली होती. हनीक्रिस्पचं एक सफरचंद खाऊन झाल्यावर त्यातली बी हातात घेऊन त्याने विचारलं की, ही बी आपल्या बॅकयार्डमध्ये लावली तर अशीच सफरचंदं येतील का. मी लॅपटॉपवरून मान वर न करता हो म्हणून टाकलं. बाबा इंजिनिअर, त्यामुळे त्याचा विश्वास बसला. पण आमची आई तेव्हा रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आली होती. ती ओट्याशी सफरचंदं चिरत होती. तिने तिथूनच मला विचारलं की, कोय लावून कधी हापूस आलेला पाहिला आहेस का?

माझी बोलती बंद झाली. मग वाटलं, मुलाला उत्तर द्यायचं तर नीट द्यावं. त्यासाठी जॉनी अ‍ॅपलसीडबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. आपण ओहायोत राहतो, म्हणजे हा माणूस आपल्याच गाववाला. पण पातेल्याच्या टोपीपलीकडे आपल्याला त्याची काही माहिती नसते. म्हणून हा लेख.

जॉनीचं खरं नाव जॉन चॅपमन. जन्म २६ सप्टेंबर १७७४ चा, मॅसेच्युसेट्समधल्या लेमिन्स्टर गावचा. वडील नथॅनियल शेतकरी आणि सुतारकाम करणारे. जॉन वर्षाचाही नव्हता तेव्हा इंग्रजांविरुद्धचं युद्ध सुरू झालं आणि वडील सैन्यात गेले. ज्या जुलै १७७६ मध्ये या देशाने स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याच महिन्यात इकडे घरी जॉनची आई एलिझाबेथ क्षयाने गेली. पाठोपाठ तान्हा भाऊही गेला. मागे राहिली सहा वर्षांच्या आतली एक मुलगी आणि दोन वर्षांचाही न झालेला जॉन. वडील तेव्हा घरापासून दूर युद्धावर होते.

१७८० मध्ये वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि कुटुंब लाँगमेडो या गावी राहायला गेलं. सावत्र आईला पुढे दहा मुलं झाली. लहान घर, खाणारी तोंडं बारा-चौदा. मोठ्या मुलाने बाहेर पडून आपली वाट शोधायची, हे आपल्याकडच्या कोकणातल्या घरांना नवीन नाही. फरक इतकाच की कोकणातला मुलगा मुंबईची बोट पकडायचा आणि इथला मुलगा पश्चिमेकडच्या जंगलाची वाट धरायचा. १७९२ च्या सुमारास, वयाच्या अठराव्या वर्षी, जॉन आपल्या अकरा वर्षांच्या सावत्र भावाला घेऊन घराबाहेर पडला. काही वर्षांनी तो पश्चिम पेनसिल्व्हेनियात वॉरन आणि फ्रँकलिन या गावांच्या आसपास दिसतो. तिथे त्याची पहिली रोपवाटिका होती. १८०० च्या सुमारास तो ओहायोत शिरला.

आता गोष्टीतला जॉनी कसा असतो? वाटेल तिथे मूठमूठ बिया फेकत, गाणं गात चाललेला एक भोळा माणूस. खरा जॉन चॅपमन असा मुळीच नव्हता. त्याची कामाची पद्धत अगदी शिस्तीची होती. पेनसिल्व्हेनियात सफरचंदाचा रस काढणाऱ्या घाण्या होत्या. रस काढून झाल्यावर उरलेला चोथा फेकूनच द्यायचा असायचा. जॉन त्या चोथ्यातून बिया धुऊन काढायचा. म्हणजे कच्चा माल जवळजवळ फुकट! त्या बिया चामड्याच्या पिशव्यांत भरून, कधी पाठीवर, कधी घोड्यावर तर कधी होडीतून तो पुढे न्यायचा. १८०६ मध्ये दोन होड्या एकमेकींना बांधून, त्यात बिया भरून तो ओहायो नदीतून खाली आला, अशी आठवण पुढे बरीच वर्षं सांगितली जात होती.

सफरचंदाची बी लगेच रुजत नाही. तिला आधी दोन-तीन महिने थंडी आणि ओल लागते, तेव्हा कुठे ती वसंतात जागी होते. त्यामुळे शरद ऋतूत बी गोळा करायची आणि वसंतात जमिनीत टाकायची हा क्रम निसर्गानेच घालून दिला होता. जॉन नदीकाठची चांगली माती बघायचा, जागा साफ करायचा, ओळीत बी पेरायचा आणि जनावरं शिरू नयेत म्हणून काट्याकुट्यांचं कुंपण घालायचा. मग ती वाटिका जवळच्या एखाद्या शेतकऱ्यावर सोपवून पुढच्या जागेकडे निघायचा. वर्षा-दोन वर्षांनी परत येऊन कुंपण दुरुस्त करायचा आणि रोपं विकायचा. एका रोपाला साधारण सहा सेंट. पैसे नसतील त्याच्याकडून जुने कपडे, मक्याचं पीठ किंवा नुसता वायदा घ्यायचा. वायद्याची वसुली तो फारशी करत नसे, असं त्याला ओळखणाऱ्यांनी सांगितलं आहे.

त्याची खरी हुशारी जागा निवडण्यात होती. वस्ती होण्याच्या दोन-तीन वर्षं आधी तो तिथे पोचलेला असायचा. लोक गाड्या जुंपून येईपर्यंत याची रोपं विक्रीला तयार! आणि रोपांना गिऱ्हाईक होतंच. ओहायो कंपनीच्या काही जमिनींवर अटच अशी होती की, घेणाऱ्याने तीन वर्षांत पन्नास सफरचंदाची आणि वीस पीचची झाडं लावली पाहिजेत. फळझाड लावणारा माणूस टिकून राहणार, जमिनीचा नुसता सट्टा करणार नाही, असा त्यामागचा हिशोब. म्हणजे त्या काळचं ग्रीनकार्डच म्हणा ना! आपल्याला वकील आणि फॉर्म लागतात, त्यांना सत्तर झाडं लागायची.

पण एवढी सफरचंदं घेऊन ते लोक करत काय होते? हा भाग मुलांच्या पुस्तकात नसतो. जॉनच्या झाडांची बहुतेक फळं आपल्यासारखी कचाकचा खाण्याजोगी नव्हतीच. लहान, आंबट, तुरट. ती मुख्यतः सायडरसाठी जायची. आणि सायडर म्हणजे आज आपण ऑक्टोबरमध्ये गॅलनभर आणतो तो गोड रस नव्हे. तो पिंपात काही आठवड्यांत आंबून त्याची सौम्य दारू व्हायची आणि ती घरोघरी रोजच्या जेवणाबरोबर प्यायली जायची. हिवाळ्यात पिंप बाहेर ठेवलं की त्यातलं पाणी गोठायचं, बर्फ काढून टाकला की उरायची कडक अ‍ॅपलजॅक. सायडर आणखी आंबवला की व्हिनेगर. ते घरात असलं की काकडी, कोबी, बीट सगळं वर्षभरासाठी मुरवून ठेवता यायचं. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोच्याच विल्यम हेन्री हॅरिसनने लाकडी खोपटं आणि सायडरचं पिंप हे आपलं प्रचारचिन्ह केलं आणि तो निवडून आला. यावरून सायडर किती घराघरात होतं ते कळेल.

बाकीच्या फळांची साठवण ऐकून आईला तर माहेरचीच आठवण झाली. काचेची, पेचाच्या झाकणाची मेसन बरणी १८५८ सालची, म्हणजे जॉन गेल्यानंतरची. साखर महाग. मग काय करायचं? सफरचंदाच्या चकत्या दोऱ्यात ओवून चुलीच्या वर टांगून वाळवायच्या. म्हणजे आपली आंबोशीच! चांगली, न लागलेली फळं तळघरात पेंढ्यात किंवा वाळूत एकमेकांपासून सुटी ठेवायची आणि अधूनमधून चाळून नासकं फळ बाजूला काढायचं. एका नासक्या आंब्याने सारी आढी नासते, हे इथेही तितकंच खरं. शास्त्र सांगतं की पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि तो शेजारच्या फळालाही पिकवतो. आढी लावणाऱ्यांना वायूचं नाव माहीत नव्हतं, काम माहीत होतं.

आणि तिसरा प्रकार अ‍ॅपल बटर. नावात बटर असलं तरी त्यात लोणी नसतं. अंगणात मोठी तांब्याची कढई ठेवायची, त्यात सायडर आटवायचा, मग चिरलेली सफरचंदं घालायची आणि लांब दांड्याच्या लाकडी उलथन्याने दिवसभर ढवळत राहायचं. गोळा बुडाला लागला की संपलं. त्यासाठी शेजारीपाजारी पाळीपाळीने ढवळायला यायचे. फळाचीच साखर आटून इतकी घट्ट होते आणि वर त्याचा आंबटपणा असतो, त्यामुळे थंडीत ते बरेच दिवस टिकतं. एकत्र बसून फणसाचं साठ घालणाऱ्या किंवा पापड लाटणाऱ्या आपल्या बायकांना हे दृश्य परकं वाटणार नाही.

आता चिरंजीवांच्या प्रश्नाकडे येऊ. आईचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. सफरचंदाच्या फुलाला दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लागतात. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे आईबापांच्या गुणांची नवी सरमिसळ. एकाच फळातल्या पाच बिया लावल्या तर पाच वेगळी झाडं येतात, आणि बहुतेकांची फळं आंबट-तुरट निघतात. कोयीच्या रायवळ आंब्यासारखंच. हवी ती जात हवी तशीच मिळवायची तर कलम करावं लागतं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कलम म्हणजे कॉपी-पेस्ट आणि बी म्हणजे रँडम नंबर.

हे जॉनला माहीत नव्हतं असं नाही. कलमाची विद्या फार जुनी आहे. ओहायोतच मॅरिएटाजवळ पुतनम कुटुंबाची रोपवाटिका होती. त्यांनी १७९६ च्या सुमारास पूर्वेकडून चांगल्या जातींच्या काड्या मागवून कलमं बांधायला सुरुवात केली होती. तरीही जॉन आयुष्यभर बियांनाच धरून राहिला. झाडाला कापून दुसऱ्या झाडाला जोडणं ही त्याच्या मते क्रूरता होती, आणि फळ सुधारण्याचं काम देवाचं, माणसाचं नव्हे, असं तो म्हणत असे, असं सांगतात. बियांना पैसे पडत नव्हते हेही एक कारण असणारच.

देवाचा विषय निघालाच आहे तर ते सांगायला हवं. जॉन हा इमॅन्युएल स्वीडनबर्ग या स्वीडिश विचारवंताचा अनुयायी होता. स्वीडनबर्ग आधी खाणींचा इंजिनिअर होता आणि उतारवयात अध्यात्माकडे वळला. सृष्टीतली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी आध्यात्मिक सत्याची खूण आहे, अशी त्याची शिकवण. जॉनने ती पुरती अंगी बाणवली. तो अनवाणी चालायचा, फाटके कपडे घालायचा, प्राण्यांना दुखवायचा नाही, पुढे पुढे मांसही खात नसे. रात्री एखाद्या खोपटात मुक्काम केला की स्वीडनबर्गचं पुस्तक काढून वाचून दाखवायचा. पुस्तकं कमी पडायची म्हणून तो एकेका पुस्तकाचे भाग सुटे करून वेगवेगळ्या घरी ठेवायचा आणि पुढच्या फेरीत अदलाबदल करायचा. अशी ही जंगलातली फिरती लायब्ररी. १८१७ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या स्वीडनबर्ग मंडळींच्या अहवालात त्याचा उल्लेख आला, म्हणजे तो हयातीतच सातासमुद्रापार पोचला होता.

मात्र त्याच्या गोष्टीला एक काळी बाजू आहे आणि ती मुलांना आपण सांगत नाही. ओहायो ही रिकामी जमीन नव्हती. १७९५ च्या ग्रीनव्हिल करारानंतर इथल्या मूळ रहिवाशांना मागे मागे रेटत नेलं जात होतं. जॉनचं लेनापे (डेलावेअर) लोकांशी चांगलं होतं, ते त्याला आपल्या वस्तीतून निर्धास्त जाऊ देत. पण त्याने लावलेलं प्रत्येक रोप हे नव्या वस्तीवाल्याच्या मालकीचा पुरावा ठरत होतं. १८१२ च्या युद्धात ग्रीनटाउन नावाचं लेनापे गाव सैनिकांनी रिकामं करायला लावलं आणि मग जाळलं. त्यानंतर हल्ले सुरू झाले. मॅन्सफील्डच्या घाबरलेल्या लोकांसाठी मदत आणायला जॉन रातोरात माउंट व्हर्ननला गेला आणि वाटेतल्या घरांना सावध करत गेला, ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत प्रसिद्ध घटना. आज ते अंतर गाडीने पाऊण तासाचं आहे. मी त्या रस्त्याने गेलो तेव्हा दोन्ही गोष्टी मनात होत्या: त्या रात्री त्याने वाचवायला धडपड केलेली घरं, आणि त्याआधी जाळलेलं गाव. आपणही बाहेरून येऊन इथे घरं घेतलेले लोक आहोत. म्हणून हे ठाऊक असलेलं बरं, असं मला वाटतं.

व्यवहारात तो भोळा नव्हता, पण यशस्वीही नव्हता. १८१४ पासून त्याने प्रत्येकी १६० एकरांचे काही तुकडे ९९ वर्षांच्या कराराने घेतले. १८१९ च्या मंदीनंतर हप्ते थकले आणि त्यातले बहुतेक हातचे गेले. लग्न केलं नाही. मॅन्सफील्डजवळ सावत्र बहिणीचं घर होतं, तिथे तो येऊन-जाऊन असायचा. वडीलही १८०५ मध्ये सगळं कुटुंब घेऊन ओहायोत आले, पण दोनच वर्षांत वारले. ओहायोत वस्ती दाट झाली तसा जॉन पुन्हा पुढे सरकला. १८३० नंतर त्याचा मुक्काम बराचसा इंडियानातल्या फोर्ट वेनच्या आसपास होता.

मार्च १८४५ मध्ये तिथेच तो गेला, सत्तर वर्षांचा होऊन. कुठल्याशा वाटिकेचं कुंपण मोडून गुरं शिरल्याचं कळलं, म्हणून थंडीत मैलोगणती चालत गेला आणि न्यूमोनियाने आजारी पडला, असं सांगतात. अनवाणी फिरणाऱ्या या माणसाच्या नावावर मागे शेकडो एकर जमीन, हजारो रोपं आणि एक करडी घोडी निघाली. त्याची कबर नेमकी कुठे यावर फोर्ट वेनमध्ये अजून वाद आहे. १८७१ मध्ये हार्पर्स मासिकात त्याच्यावर लेख आला आणि तो देशभर पोचला. १९४८ मध्ये डिस्नेने त्याला चित्रपटात आणलं, १९६६ मध्ये त्याचं टपाल तिकीट निघालं. खरा माणूस मागे राहिला, पातेलं पुढे गेलं.

मग जॉनचा बियांचा हट्ट चुकला का? मला आधी तसंच वाटलं. पण थोडा हिशोब करा. लोकांनी बियांपासून लक्षावधी झाडं लावली, त्यातली बहुतेक आंबट निघाली, पण हजारात एखादं असं निघालं की सगळे बघत राहिले. डेलिशियस हे सफरचंद आयोवातल्या एका शेतकऱ्याच्या बागेत असंच आपोआप उगवलेल्या रोपावर मिळालं. पुढे सत्यानंद स्टोक्स यांनी ते हिमाचलमध्ये नेलं. हे फिलाडेल्फियात जन्मलेले सॅम्युएल स्टोक्स. १९०४ मध्ये भारतात गेले, तिथलेच झाले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले. १९१६ मध्ये त्यांनी कोटगढला डेलिशियसची कलमं लावली. आपण लहानपणी आजारी पडल्यावर जे सिमल्याचं लाल सफरचंद खायचो, त्याचं मूळ हे. म्हणजे कलमाने जात टिकते, पण नवी जात बीच देते. दोन्ही लागतात.

आमच्या चाळीस पौंडांचं काय झालं? आईने अर्ध्या चकत्या डेकवर जाळीखाली वाळवल्या. थोड्या फळांचा वेलची-केशर घालून मुरंबा केला. उरलेल्यांचं मी क्रॉकपॉटमध्ये झाकण किंचित उघडं ठेवून रात्रभर अ‍ॅपल बटर केलं, साखर अजिबात न घालता. फ्रीजरमध्ये छान राहतं आणि पोळीला लावून मुलं खातात.

आणि त्या बिया? आईने त्या ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या आणि डिसेंबरात ती रत्नागिरीला परत गेली. मार्चमध्ये त्यातल्या तीन रुजल्या. एक सशाने खाल्ली, एक सुकली, एक कुंडीत वीतभर झाली आहे. बॅकयार्डमध्ये मी दोन वेगवेगळ्या जातींची बुटकी कलमंही लावली, म्हणजे परागीभवन होईल आणि तीन-चार वर्षांत खात्रीची फळं मिळतील. कुंडीतल्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतील, आणि ते कसं निघेल ते कुणालाच माहीत नाही. चिरंजीवांना मी खरं ते सांगितलं की, याला हनीक्रिस्प येणार नाहीत. तो जरा हिरमुसला. मग त्याने व्हिडिओ कॉलवर आजीला विचारलं की, मग हे झाड ठेवायचं कशाला. आजी म्हणाली की, रायवळातही एखादा असा निघतो की हापूस विसरावा, आणि नाही निघाला तर लोणचं घालू.

रोप या शनिवारी कुंडीतून जमिनीत जाणार आहे. भोवती कुंपण मी स्वतः घालणार आहे, ससे फार झालेत.

चूकभूल द्यावी घ्यावी. अ‍ॅपल पिकिंगला भेटूच!